जाळीला बांधलेला धागा

सोमवारी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी हर्षाली सोनवणे घराच्या फरशीवर पालथी पडून सहावी चौकट काढत होती. हात भराभर चालत होता. लिंबायतमधल्या या खोलीच्या खाली, तळमजल्यावर, चोवीस लूमचं खातं आहे. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात. लूम चालू असले की वरची फरशी थरथरते, पेन्सिल आपोआप दाराकडे निघते, पट्टी धरून मारलेली रेघसुद्धा वाकडी येते. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पाळी बदलते. रात्रीचे कारागीर बाहेर पडतात, दिवसाचे आत येतात, यंत्रांना तेल घातलं जातं. सव्वासातला लूम पुन्हा सुरू होतात. सरळ रेघा मारायला हर्षालीला दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं मिळतात.

हर्षाली वीस वर्षांची आहे, एका खासगी कॉलेजात पत्रकारिता आणि जनसंवादाच्या तिसऱ्या वर्षाला. शेवटच्या सत्राचं काम खऱ्या ग्राहकासाठी होतं. उधन्यात पंखे बनवणाऱ्या किरीटभाईंना स्थानिक केबल वाहिनीवर वीस सेकंदांची जाहिरात हवी होती. भिंतीवर लावायचा नवा पंखा, गुण एकच : आवाज करत नाही. वर्गातल्या पाच जोड्यांनी पाच आराखडे मांडायचे, किरीटभाई एक निवडणार. ज्याचा आराखडा चित्रित होऊन वाहिनीवर दिसेल, त्याला त्याच वाहिनीत सहा महिन्यांची उमेदवारी. ही जागा एकच होती, जोडीतल्या आराखडा काढणाऱ्यासाठी.

हर्षालीला ती मिळवायचीच होती, कारण दुसरा रस्ता ठरलेला होता. तिचे मामा बळीराम रिंग रोडच्या मार्केटमध्ये एका साडीच्या पेढीवर नोकरीला आहेत. तिथे बिलं करायला मुलगी हवी होती आणि त्यांनी एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवली होती. हर्षालीची आई कविता घरबसल्या साड्यांना लेस लावते. शिकण्याला तिचा विरोध कधीच नव्हता. तीन वर्षं झाली, आता हाताला काम पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्याला उत्तर म्हणून हर्षालीकडे कागदावरच्या आठ चौकटी होत्या.

सहाव्या चौकटीत पाळण्यातलं बाळ होतं. आई बोटांवर चालत येते, पंखा लावते, बाळ जागं होत नाही. मग निवेदकाचा मऊ आवाज : इतका शांत, की झोपही दचकत नाही. ही ओळ तिला दोन दिवस विचार केल्यावर सुचली होती आणि आवडली होती.

सव्वासातच्या सुमाराला वडील हिलाल सोनवणे रात्रपाळी करून आले. तीन गल्ल्या पलीकडच्या खात्यात ते आठ लूम सांभाळतात. अमळनेर तालुक्यातून सुरतेला आले त्याला सव्वीस वर्षं झाली, घरात अजून अहिराणीच बोलतात. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्यानं मोठ्यानं बोललेलं येतं. डॉक्टरला दाखवलेलं नाही. खात्यातल्या जुन्या कारागिरांचं सगळ्यांचं असंच आहे, त्यामुळे तो आजार आहे असं कुणाला वाटत नाही.

किरीटभाईंनी प्रत्येक जोडीला बघायला एकेक पंखा दिला होता. हर्षालीनं तो वडिलांच्या अंथरुणाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगला होता. हिलाल हातपाय धुऊन आडवे झाले.

"आप्पा, कसा वाटतो?" तिनं ओरडून विचारलं आणि वर बोट दाखवलं.

हिलालनी वर बघितलं. "लाईट गई का?"

"चालू आहे!"

"आवाज नई ना."

"तोच तर गुण आहे त्याचा!"

"आवाज नई म्हणजे बंद शे," हिलाल म्हणाले. "खातामा आवाज बंद व्हयना की बठ्ठा कारागीर धावतस. आठे खुशी कसानी?"

"घर उनात नई की लागनात भाषण देवाले," सुई न थांबवता कविता म्हणाली. "झोपा आते."

हिलालनी डोळे मिटले. पाच मिनिटांनी उघडले, हात वर करून वारा लागतो का ते बघितलं, पुन्हा मिटले. आणखी थोड्या वेळानं तेच. तिसऱ्यांदा ते उठलेच. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून टाकाऊ धाग्याचं गुंडाळं काढलं, वीतभर धागा तोडला आणि पंख्याच्या जाळीला बांधला. धागा ताठ होऊन पुढे आला आणि फडफडत राहिला. हिलालनी त्याच्याकडे एकदा बघितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले. सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

हर्षाली हे बघत होती. तोवर खालचे लूम सुरू झाले होते आणि पेन्सिल दाराशी पोचली होती.

संध्याकाळी तिनं वडिलांना धाग्याबद्दल विचारलं. तिला त्यात एवढं काय वाटलं हे त्यांना कळेना. "बठ्ठा पंखासले बांधेल ऱ्हास. दूरथीन दखास. दोरा पडना की समजानं, पंखा बंद."

खात्यातल्या गोंगाटात पंख्याचा आवाज येत नाही आणि फिरणारी पाती धुळीतून लांबून दिसत नाहीत. धागा मात्र दिसतो. सगळ्या खात्यांत असतो. हर्षाली शाळेत असताना वडिलांचा डबा द्यायला कितीतरी वेळा खात्यात गेली होती. तिनं तो बघितलाही असणार.

तिच्या लक्षात आलं ते साधं होतं. जाहिरात ज्या वाहिनीवर लागणार ती लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथे बघितली जाते. इथे मजुरी मीटरवर मिळते. लूम थांबला की कापड थांबतं आणि मजुरीही. या घरांतली माणसं लूमच्या आवाजात झोपतात आणि तो थांबला की जागी होतात. त्यांना शांतता विकायला निघालेल्या माणसाला आधी पंखा चालू आहे हे पटवावं लागेल.

तिनं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला नव्या आठ चौकटी आखल्या. रात्रपाळीचा कारागीर सकाळच्या उन्हात घरी येतो. डबा ठेवतो. पंखा लावतो. ऐकू काही येत नाही, कपाळाला आठी पडते. खिशातून धागा काढून जाळीला बांधतो. धागा उठतो. माणूस झोपतो. शेवटी फक्त धागा आणि कंपनीचं नाव. निवेदन नाही, गाणं नाही, बाळही नाही.

मंगळवारी तिनं हे तिचा जोडीदार सागर याला दाखवलं. सागर डिंडोलीचा, कॅमेऱ्याचं काम त्याच्याकडे.

"म्हणजे वीस सेकंद लोकांनी दोरा बघायचा?" तो म्हणाला. "पंख्याची जाहिरात आहे की पतंगाची? उत्तरायणला अजून वेळ आहे."

"तुझे पप्पा पंखा चालू आहे हे कसं बघतात?"

"माझे पप्पा बँकेत आहेत, हर्षू. एसीत बसतात."

"मग तू गप्प बस."

सागर गप्प बसला नाही, पण दुपारी तिच्याबरोबर गल्लीत फिरला. बावीस घरांत त्यांनी एकच प्रश्न विचारला : टीव्हीवर जाहिरात लागली की काय ऐकू येतं? सतरा घरांनी सांगितलं की खाली लूम चालू असताना काहीच नाही. एका आजीनं सांगितलं की ती मालिका बघते ती तोंडं बघून, आणि कोण खोटं बोलतंय हे तिला बरोबर कळतं. सागरनं ते वहीत लिहून घेतलं.

विभागप्रमुख देसाई मॅडमना आराखडा पटला नाही. त्या वीस वर्षं हा विषय शिकवताहेत. "बेटा, किरीटभाईंना सांगायचंय की आवाज नाही. तू तेच काढून टाकलंस," त्या म्हणाल्या. "बाकी चारही जोड्यांत बाळ आहे. का आहे? कारण बाळ चालतं. तुझ्या जागेचा प्रश्न आहे, एवढं लक्षात ठेव."

जागेचा प्रश्न होता म्हणून हर्षालीनं मागची बाळाची बाजू खोडली नाही, कागद तसाच पिशवीत ठेवला. बुधवारी सकाळी वर्गात शिरेपर्यंत तिचं नक्की ठरलं नव्हतं.

किरीटभाई अकराला आले. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात पंख्याच्या पात्याचा नमुना. पहिली चार बाळं त्यांनी शांतपणे बघितली. तिसऱ्या बाळाला घड्याळ बघितलं. पाचव्या क्रमांकावर हर्षाली उभी राहिली. तिनं आधी कागद काढलाच नाही. किरीटभाईंची गेल्या वर्षीची जाहिरात पडद्यावर लावली आणि आवाज बंद केला. एक माणूस आरामखुर्चीत डोळे मिटून हसतोय. बायको चहा आणते. मूल धावत येतं. तिघंही वर बघून हसतात.

शेवटच्या दोन सेकंदांत कंपनीचं नाव येतं, त्याच्या आधी हर्षालीनं चित्र थांबवलं.

"सर, हा माणूस काय विकतोय?"

"चा," किरीटभाई म्हणाले. मग त्यांनी चष्मा नीट केला. "अरे, आ तो मारी पोतानी जाहेरात छे!"

वर्ग हसला. किरीटभाईही हसले, जरा उशिरा.

"आमच्याकडे टीव्ही चालू असतो तेव्हा लूमही चालू असतात," हर्षाली म्हणाली आणि बावीस घरांचा हिशेब सांगितला. मग पिशवीतून कागद काढला. धाग्याची बाजू वर होती.

किरीटभाईंनी आठही चौकटी बघितल्या. जाळीला बांधलेल्या धाग्यावर बोट ठेवलं. स्वतः पंखे बनवायला लागण्याआधी त्यांनी अकरा वर्षं लूमच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. "आ साचुं छे," एवढंच ते म्हणाले. हे खरं आहे. मग लगेच व्यापारी झाले. "पण आवाज नाही हे कोण सांगणार?"

"दुकानदार सांगेल."

"दुकानदार माझा नातेवाईक नाही, बेन. शेवटी लिहून टाका. मोठ्या अक्षरांत."

हर्षालीला ते नको होतं. धाग्यानंतर अक्षरं आली की धागा पुसला जाईल, असं तिला वाटत होतं. तिनं देसाई मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. आठव्या चौकटीत तिनं पेन्सिलीनं लिहिलं : आवाज नाही. किरीटभाईंनी मान हलवली. आराखडा निवडला गेला. जाहिरात वाहिनीवर दिसली की उमेदवारीची जागा तिची. तोवर नाही.

चित्रीकरण तिच्याच खोलीत ठरलं. सुरतेत एवढ्या तिरप्या उन्हाची दुसरी खोली शोधायला वेळ नव्हता. पूर्वेच्या खिडकीतून सात वाजता ऊन थेट जाळीवर पडतं आणि धागा चमकतो. आठला समोरच्या इमारतीची सावली येते. वाहिनीनं कॅमेरा फक्त शुक्रवारी सकाळपुरता दिला होता.

गुरुवारी सागर जागा बघायला आला, तिपाईवर फोन लावून एक मिनिट चित्र घेतलं आणि बघून म्हणाला, "तुझं घर नाचतंय." चित्र पाण्यासारखं हलत होतं. तिपाईखाली त्यांनी गोधडी घातली, मग उशा, मग कविताच्या साड्यांचं गाठोडं. चित्र हलतच राहिलं. फरशीच हलते, त्याला तिपाई काय करणार? तेव्हा हिशेब उरला तो एकच : सात ते सव्वासात.

जाहिरातीतला कारागीर हिलालनीच व्हायचं, हे सागरनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. त्यांना शंका होत्या.

"माले काय करनं शे?"

"रोज करता तेच. यायचं, पंखा लावायचा, धागा बांधायचा, झोपायचं."

"त्याना पगार कोन देई?"

"तुम्ही टीव्हीवर दिसाल, काका," सागर म्हणाला.

"मी रोज झोपस, कोन्ही देखाले येत नई," हिलाल म्हणाले. पण खात्यातून घरी यायला अकरा मिनिटं लागतात, म्हणजे सातला निघून भागणार नाही, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. त्यांच्या लूमवर दिवसपाळीला येणारा दीपक शुक्रवारी दहा मिनिटं आधी यायला तयार झाला. बदल्यात पुढच्या आठवड्यात कधीतरी हिलाल त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबतील. सोमवारपासून हिलाल यांची पाळी दिवसाची होते, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात सकाळी सातला ते घरी नसतील.

संध्याकाळी कवितानं साड्यांची गाठोडी शेजारच्या खोलीत हलवली, अंथरुणावर धुतलेली चादर घातली आणि हर्षालीनं सांगितल्यावर ती काढून जुनीच घातली. "आखी लिंबायत देखी आमनी फाटेल चादर," ती पुटपुटली. मग भावाला फोन लावला. मामा पलीकडून बराच वेळ बोलत होते. पेढीवर आणखी एका मुलीचं नाव आलं होतं.

"उद्या दुपारपर्यंत थांबी जा, भाऊ," कविता म्हणाली. "मंग सांगस. हो सांगस नई तर नई सांगस, पन उद्याच सांगस."

तिनं फोन ठेवला आणि पंखा लावून बघितला. जाळीवरचा धागा उठला. सोमवारचाच होता, हिलालनी बांधलेला. हर्षालीनं तो सोडून ठेवला, कारण सकाळी तो कॅमेऱ्यासमोर बांधायचा आहे.

उद्या शुक्रवार. सहा वाजून पन्नास मिनिटांनी हिलाल सोनवणे खात्यातून निघतील. सात वाजता पाळी बदलेल आणि घराखालचे चोवीस लूम थांबतील. सव्वासातला ते पुन्हा सुरू होतील.