जिन्यातल्या निळ्या वायरी

वडशाला शिकवायची नोकरी लागली तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी मी बरीच घरं फिरलो. बहुतेक ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली आत्ताच दुसऱ्याला दिली असं सांगितलं. हार्डवेअरचं दुकान असलेल्या चाचांनी मात्र एवढंच विचारलं, "काय शिकवता तुमी?" मी म्हणालो, "कॉम्प्युटर." ते म्हणाले, "मंग तं आमच्याच कामाचे निंगाले. सामान आना."

माझे आईवडील कुरखेड्याकडे धान पिकवतात. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. चाचांचे ते शब्द मी अजून विसरलेलो नाही, आणि म्हणूनच पुढची गोष्ट आठवली की अजून तोंडात कडू येतं.

चाचांचा मुलगा सौदीत एसी दुरुस्तीच्या कामावर होता. त्याचा चेहरा दिसावा म्हणून चाचांनी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड घेतलं, दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि मला म्हणाले, "जोडून द्या." मी राउटर लावला. दर शुक्रवारी मुलाला सुट्टी असायची. इथली जुम्म्याची नमाज झाली की त्याचा कॉल यायचा.

घरात आणखी दोन भाडेकरू होते. माडीवर एका बँकेचे अधिकारी, नागपूरचे. खाली रस्त्याकडच्या खोलीत हिवाळ्यात गावोगाव प्रयोग करणाऱ्या एका झाडीपट्टी नाटक मंडळाचं कार्यालय. चाचांनी त्या दोघांनाही म्हटलं, "लाइन दिवसभर रिकामीच राह्यते. तुमी बी वापरा." पैसे घेतले नाहीत. जिन्यातून वर-खाली निळ्या वायरी गेल्या. माझ्या खोलीतही एक आली.

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला आणि चाचींचा आवाज तिकडे पोचेनासा झाला. मुलाचं बोलणं इथे खणखणीत ऐकू यायचं. चाची बोलायला लागल्या की तिकडून तो म्हणायचा, "अम्मी? हॅलो? आवाज नही आ रही." चाची पडद्याजवळ तोंड नेऊन ओरडायच्या. गल्लीतले लोक हसायचे.

तारेवरच्या इंटरनेटची खोड अशी की बाहेरून घरात यायला रुंद रस्ता असतो आणि घरातून बाहेर जायला पाऊलवाट. चंद्रपूरला मी शिकलो त्या संस्थेत दोन्ही वाटा सारख्या होत्या. इथे त्या पाऊलवाटेवर नाटक मंडळाचे मॅनेजर पोस्टरच्या भल्यामोठ्या फायली नागपूरच्या छापखान्याला पाठवायचे. माडीवरचे साहेब सिनेमे उतरवायचे, आणि ज्या पद्धतीने ते उतरवायचे तिच्यात उतरलेला सिनेमा आपोआप दुसऱ्यांना पाठवलाही जातो. या गर्दीत चाचींचा आवाज अडकून पडायचा.

एका दुपारी चाचींनी मला चहा दिला आणि दार लोटून घेतलं. "बेटा, त्याचा दोन सालचा करार संपून राह्यला. कंपनी म्हनते, पुन्हा सही कर. येत्या शनिवारी तो सही करनार. मले त्याच्याशी येकच गोष्ट बोलाची आहे. घरी ये म्हनाचं आहे. त्याच्या तोंडाकडे पाहून म्हनाचं आहे."

"टेलिफोनवर बोला ना, चाची."

"टेलिफोन याचे अब्बा सोडत नाई. थे म्हनतीन, पोरगं कमावून राह्यलं, तू काऊन रडून राह्यली? त्याईले सांगू नको."

मी सांगणार नाही असं कबूल केलं आणि राउटरच्या मागे लागलो.

उपाय सोपा होता, फक्त तो सांगायला अवघड होता. लाइन जेवढं बाहेर नेऊ शकते त्याहून थोडा कमी आकडा राउटरमध्ये लिहायचा. राइस मिलच्या फाटकावर धानाच्या सगळ्या गाड्या एकदम नेल्या की तिथे कोंडी होते आणि आपल्या हातात काही राहत नाही. त्याच गाड्या आपल्या अंगणात थांबवल्या तर आधी कोणती सोडायची हे आपण ठरवतो. आकडा कमी लिहिला की रांग आपल्या राउटरात लागते आणि चाचींचा आवाज पुढे काढता येतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर तीन पायऱ्या होत्या: वरची, मधली, खालची. मी चाचींचा कॉम्प्युटर वरच्या पायरीवर टाकला. बाकी सगळे, मी धरून, खालच्या, आणि दोघांनाही तसं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मॅनेजर दारात. प्लॅस्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाले, "सर, मले खाली टाकलं म्हन्ते तुमी?"

"फाइल जाईल, भाऊ. थोडी उशिरा जाईल."

"उशिरा जाऊन कसं जमन? हंगाम आहे. मले बी वर टाका ना. पास देतो तुमाले, पुढच्या रांगेतले. घरच्याइले घेऊन या." मग ते जिन्याच्या कोपऱ्यात थुंकले. भिंतीवरून लाल ओघळ माझ्या वायरीवर उतरला.

सगळेच वर गेले तर वर असण्याला काही अर्थ उरत नाही, हे मी त्यांना समजावलं. ते मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते बरोबर आहे. पन मले टाका."

साहेबांनी मला माडीवर बोलावून घेतलं. "सर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून बोलतो. मी ऑफिसर आहे. खालची पायरी म्हणजे काय? म्हातारी बोलून बोलून काय बोलणार? जेवला का, झोपला का. तेवढ्यासाठी माझा स्पीड कमी?"

त्यांना खरंच वाटत होतं की पायऱ्या हुद्द्याप्रमाणे असतात. मी म्हणालो, "लाइन चाचांची आहे, साहेब."

"मग? त्यांनीच वापरा म्हटलं ना?"

त्या खोलीतून उतरताना मला शिसारी आली. होस्टेलात टँकर यायचा तेव्हा बादल्यांच्या रांगेत मी हीच माणसं पाहिली होती. तिथे निदान पाणी होतं, आणि तहान खरी होती. इथे फुकट मिळालेल्या वस्तूतून थोडं कमी घ्यायचं होतं, तेही आठवड्यातल्या एका दुपारी, ज्या बाईच्या घरात राहतो तिच्यासाठी. तेवढंही कोणाला नको होतं.

गुरुवारी मी तपासून पाहिलं. मॅनेजरांची फाइल जात असतानाही चाचींचा आवाज माझ्या मित्राला चंद्रपूरला स्पष्ट ऐकू गेला. चाची हसल्या. "आता ओरडाचं काम नाई?"

"नाही. हळू बोला."

शुक्रवारी चाचा नमाजेहून अजून परतले नव्हते. चाचींनी धुतलेली ओढणी घेतली, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि मला बाजूला बसवून घेतलं. मुलाचा चेहरा आला तशा त्या खुलून हसल्या. त्याने सलाम केला. यांनी सलाम केला. आणि मग त्या म्हणाल्या, "बेटा, सुन, घर आ जा."

तो पडद्यात पुढे वाकला. "अम्मी? आवाज कट गई."

त्या पुन्हा म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मी उठून लॅपटॉप घेऊन राउटरकडे धावलो. माझा पासवर्ड चालेना. राउटर नवा होता तेव्हाचा मूळ पासवर्ड टाकला तर पान उघडलं. सगळं कोरं. आकडा नाही, पायऱ्या नाहीत; फक्त टेलिफोन कंपनीच्या वेगळ्या डब्यावरची लाइन तेवढी चालू. राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात टोचून धरलं की सगळं पुसलं जातं. राउटर जिन्यातल्या फळीवर होता. फळीवर एक सेफ्टी पिन पडली होती.

मी साहेबांची आणि मॅनेजरांची वायर उपटली. पण मागून मुलाचा आवाज येतच होता, अगदी स्पष्ट. "अम्मी, आपका फोटो अटक गया है. हँस रहे हो आप. अच्छा लगा. मतलब आप खुश हो ना? आज छुट्टी है, पर कंपनी ने ऑफिस खुला रखा है, आज ही साइन कर देता हूँ. गाडी आ गई, रखता हूँ."

मी खोलीत आलो तेव्हा पडदा काळा होता. चाची अजून त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"चाची, टेलिफोन लावू. लगेच लावू."

तेवढ्यात चाचा आले. मी कॉल तुटला एवढंच सांगितलं. त्यांनी स्वतःच टेलिफोन लावला. मुलगा गाडीतच असावा. त्याने सहीचं सांगितलं असणार, कारण चाचांची छाती फुगली. "बहोत अच्छा किया बेटा. हाँ, हाँ, अम्मी भी खुश है." मी तोंड उघडणार तोच त्यांच्या मागे उभ्या असलेल्या चाचींनी हात हलवून मला नाही म्हटलं. दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

संध्याकाळी जिन्यात साहेब भेटले. त्यांनी वायर पुन्हा खोचली होती. म्हणाले, "मधे काय झालं होतं लाइनला? पण सकाळी स्पीड एकदम मस्त होता हो."

मी सेफ्टी पिन त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, खिशात टाकली आणि वर निघून गेले. कपाळावर आठीसुद्धा नाही.

राउटर मी चाचांच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. दोन्ही निळ्या वायरी कापल्या. माझीही कापली. चाचांनी कारण विचारलं तेव्हा लाइन खराब होते असं म्हणालो. पुढे साहेबांनी टॉवरवरचं इंटरनेट घेतलं आणि वरून मला विचारायला आले, "तो तुमचा आकडा यालाही लिहून द्या." टॉवरचा वेग घटकेत वर, घटकेत खाली, त्याला एक आकडा बसत नाही. एवढं सांगायचीही मला इच्छा झाली नाही. मी दार लावून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी लाइन रिकामी होती. चाची हळू आवाजात बोलल्या आणि तिकडे एकेक शब्द पोचला. "आज तो एकदम साफ आवाज है, अम्मी," तो म्हणाला. "बोलो, क्या बोल रहे थे उस दिन?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"कुछ नही," त्या म्हणाल्या. "जेवला का?"