हेलिकॉप्टरखालचा दोर

आमच्या नाशिकच्या कॉलनीत बोलण्याची एक रीत आहे. लष्कराचं हेलिकॉप्टर घरावरून जाऊ लागलं की माणसं वाक्य अर्ध्यावर थांबवतात आणि आवाज दूर गेला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. पाहुण्यांना याचं हसू येतं. मला मात्र वाटतं, वडीलधारं माणूस आलं की आपण बाजूला होतो ना, तशी ही आम्ही त्याला दिलेली वाट आहे.

काल गच्चीवर शेजारच्या शिंदेकाकू कपड्यांची दोरी ताणून बांधत होत्या. त्यांचा मुलगा कमांडो आहे, हेलिकॉप्टरमधून दोरावरून शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्यांपैकी. मोहिमेवर गेला की त्याचा फोन बंद असतो. आता आठ दिवस झाले.

"काकू, तुम्हाला भीती..." मी म्हणाले, आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं. आम्ही दोघी थांबलो. मी गरगरणाऱ्या पात्यांकडे पाहत होते. काकू त्याच्या पोटाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या, जिथून दोर सुटतो.

आवाज विरला. "...नाही वाटत?" मी वाक्य पुरं केलं.

"वाटते की! न वाटायला काय झालं?" काकू फणकारल्या. "पण गावी आडात पोहरा सोडायला त्याला मीच शिकवलं. दोर सोडायचा नाही, आवळायचाही नाही, हातातून सरकू द्यायचा." त्यांनी तळवे माझ्यापुढे उघडले. दोराचे जुने घट्टे अजून तसेच होते.

"हेलिकॉप्टर असेल सरकारचं," त्या म्हणाल्या. "दोरावरचा हात माझ्या वळणाचा आहे."