अक्काची ‘ती’

अक्काच्या बोलण्यात नावं नसायचीच. असायची फक्त ‘ती’. घोडी म्हणजे ती आणि घोडीवर बसणारी म्हणजेही ती. दोघी समोर उभ्या असल्या तरी अक्का डोळे मिटून म्हणायची, “तिनी मान आखडेल शे.” मग मी माझी मान चाचपायची आणि माझी घोडी, शेवंती, कान हलवायची. मान नेमकी कोणाची आखडली आहे हे अक्काचा हात पडल्यावरच कळायचं, आणि तेही दर वेळी कळायचं असं नाही.

अक्का मूळची साक्रीकडची, पण जळगावात पिंप्राळ्याला लेकीकडे राहायची. तिच्या नवऱ्याच्या वरातीच्या घोड्या होत्या आणि ती स्वतः गावातल्या बाळंतिणींना चोळायची. एकदा घोडीचा पाय आखडला तेव्हा तिने तेच तेल घोडीला लावलं. गुण आला म्हणून मग घोडीवर बसणाऱ्याच्या कमरेलाही लावलं. पुढे नवरा गेला, घोड्या विकल्या गेल्या, पण काम सुटलं नाही. जळगावचे वरातवाले तिला बोलवायचे, आणि अलीकडे हौसेने घोडं पाळणारेही. घोडं आणि त्यावर बसणारा माणूस, दोघांना एकाच बैठकीत चोळून देणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

ती माझ्याकडे आली त्या वर्षी माझं एकंदरीतच काही धड नव्हतं. धुळ्याचं सासर सोडून मी फैजपूरला माहेरी आले होते, शाळेत नोकरी धरली होती आणि चाळिशीच्या तोंडावर घोडी घेतली होती. का घेतली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या वडिलांनी, नानांनी, केळीच्या बागेला लागून शेड बांधून दिली, पण गावाला काय सांगायचं हे त्यांनाही कळत नव्हतं.

मग एका सकाळी पाटाजवळ प्लास्टिकचा कागद उडाला, शेवंती बिचकून घसरली आणि आम्ही दोघी एकाच कुशीवर पडलो. हाडं दोघींची शाबूत राहिली. पण तेव्हापासून शेवंती चालताना डावीकडे झुकायची आणि मी बसताना डावीकडे कलायची. मी वाकडी बसते म्हणून घोडी वाकडी चालते, की घोडी वाकडी चालते म्हणून मी वाकडी बसते, यावर घरात रोज वाद व्हायचा. शेवटी नानांनी निकाल दिला. “पोळ्यापर्यंत पाहू. नाही सुधरलं त घोडी भुसावळच्या वरातवाल्याले देऊन टाकू. तुले काही झालं त मी कोनाकडे पाहू?” आणि जाता जाता पुटपुटले, “मंग तुझंही कायतरी पाहावं लागीन.” म्हणजे मला परत नांदायला पाठवायची बोलणी करायला धुळ्याला जाणार. दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटली, ते मला ओळखता आलं नाही.

मी बोलावलं म्हणून अक्का एसटीने आली. पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली, आणि पहिला प्रश्न, “डाक्टरनी देखं का?” दोघींना आपापल्या डॉक्टरांनी पाहिलंय, असं सांगितलं. “मंग ठीक. हाड त्यासनं, मांस मन्हं.” केळीचा क्रेट पालथा घालून ती त्यावर चढली, कारण उंचीने अगदीच बुटकी होती.

मग दर खेपेला ती आधी शेवंतीची पाठ दाबायची. मग मला खोगिराशिवाय वर बसवायची आणि एक हात माझ्या कमरेवर, दुसरा शेवंतीच्या पाठीवर ठेवून बराच वेळ काहीच करायची नाही. मध्येच एखाद्या जागी बोट थांबायचं. “आठे रुसेल शे,” एवढंच बोलायची. इथे कोण रुसलंय, कशावर, ते विचारायची सोय नव्हती. “दम सोड,” म्हणाली की मी श्वास सोडायच्या आत शेवंती फुरफुरायची आणि अक्का खूश होऊन म्हणायची, “दम सोडा तिनी.” मी आपली छाती भरून तशीच बसलेली.

घोडीला लावलेले हात ती कधी धुवायची नाही. तेच माझ्या पाठीला. शाळेत मुली नाक मुरडायला लागल्या. नानांनी एकदा टोकलंच, “बाई, मधी हात त धुवा.” अक्का शांतपणे म्हणाली, “कसाले धोऊ, भाऊ? हाऊ हात तिनी खबर तिले सांगस.” नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेवंतीकडे पाहिलं.

पोळा जवळ आला तरी आमचं काही खरं नव्हतं. एक दिवस सरळ, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडं. नाना एका सकाळी शेडमध्ये येऊन उभे राहिले. घोडी देऊन टाकायची, हे ते अक्काला चहाच्या वेळीच सांगून बसले होते. अक्काचे दोन्ही हात आम्हा दोघींवर होते, डोळे मिटलेले.

“तिले पडानं भेव नही, भाऊ,” ती म्हणाली. “तिले धाडी देतीन, यानं भेव शे. म्हनीसन ती आंग चोरस.”

नानांनी घोडीकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. “कोनी कुठं जात नाही,” ते म्हणाले. “घोडी नाही अन् पोरगीही नाही.” आणि बागेला पाणी पाहायला निघून गेले.

मी वर बसून रडले. मग विचारलं, “अक्का, तुम्ही घोडीचं म्हणत होतात ना?”

“तिनंच ते,” अक्का म्हणाली, म्हणजे तिचंच, आणि हातावर आणखी तेल ओतून घेतलं.

धुळ्याचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. नाना बोलले असतील, असंही वाटत नाही. माझी पाठ काही बोलली असेल तर मला माहीत नाही. पोळ्यानंतर आम्ही दोघी हळूहळू सरळ झालो. डॉक्टर म्हणाले, थोडा काळ उलटला की असं बरं होतंच. तेही खरं असेल.

पुढे अक्काची बोटं वळेनाशी झाली. साक्रीकडे भावाकडे जाते म्हणून निरोप घ्यायला आली. तेल आणलं नव्हतं. नुसतेच हात ठेवले, एक शेवंतीच्या मानेवर, एक माझ्या खांद्यावर, आणि नेहमीसारखे डोळे मिटून म्हणाली, “तिले संभाळजो, माय.” मी शेवंतीकडे वळले तर ती आधीच माझ्याकडे बघत होती.

गेल्या थंडीत तिच्या लेकीचा फोन आला की अक्का गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. ते शेवटचं वाक्य कोणाला सांगितलं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं. चूक व्हायला नको म्हणून आम्ही दोघीही ते पाळतो.