फाइलीत लावलेली ओहोटी

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, फार तर होमिओपॅथी शिकून शेजाऱ्यांना छळतात. आमच्या ह्यांनी शिडाची बोट शिकायला घेतली, आणि तीही हैदराबादेत, जिथून समुद्र बघायला रात्रभराची गाडी पकडावी लागते. शिक्षण हुसेनसागरावर, दर रविवारी सकाळी. त्या पाण्याच्या वासानं काठावरची माणसं नाकाला रुमाल लावत, पण हे घरी यायचे ते आरमार जिंकून आल्यासारखे. गल्लीत रिक्षावाल्याला ‘डावीकडे’ म्हणणं त्यांनी सोडून दिलं. एकदा ‘पोर्टला घे’ म्हणाले, तर तो बिचारा गाडी थांबवून म्हणाला, “पोर्ट कां है साब, ये तो नल्लकुंटा है.”

इथवर मी हसत होते. मग एके दिवशी जेवताना ह्यांनी बेत सांगितला. तलावावरच्या एका मित्राची शिडाची बोट कोकणात होती, तो ती सहा दिवस द्यायला तयार होता. एका शांत खाडीतून दुसऱ्या शांत खाडीत जायचं, नांगर टाकायचा, राहायचं. आणि हे सहा दिवस नीट पार पडले, तर पुढच्या हिवाळ्यापासून अर्धं वर्ष बोटीवरच. घर भाड्यानं देऊन टाकू, म्हणाले. अगदी सहज, वरणावर तूप मागावं तसं.

हे सरकारी नोकरीत होते. आदिलाबाद, निजामाबाद, वरंगल, पुन्हा आदिलाबाद. प्रत्येक बदलीला भांडी मी बांधली आणि मीच सोडली. नल्लकुंट्याचं घर हे पहिलं असं, जिथे मी भिंतीत खिळा ठोकताना घरमालकाला विचारलं नाही. ते सोडायचं, आणि तेही तरंगत राहायला! मला राग आला, पण मी बोलले नाही. बोलून ह्यांच्या बदल्या कधी थांबल्या नव्हत्या. मी मुकाट्यानं बेगम बाजारात जाऊन सहा दिवसांसाठी महिनाभर पुरेल एवढं सामान भरलं.

मित्रानं बोटीबरोबर भरती-ओहोटीचं कोष्टकही दिलं होतं. तलावात पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्यामुळे ह्या कागदाचं काय करायचं ते ह्यांना कळलं नाही. पण कागदाचं काय करायचं हे ऑफिसात चाळीस वर्षं शिकलेलं होतंच. त्यांनी त्याला दोन भोकं पाडली, फाइलीत लावला, फाइलीवर सुवाच्य अक्षरात ‘समुद्र’ लिहिलं आणि फाइल बोटीवरच्या कपाटात ठेवली. त्यांच्या खात्यात कागद फाइलीला लागला की काम झालं असं धरतात.

पहिले दोन दिवस मला उलट्या होत होत्या आणि ह्यांना हुकूम सुटत होते. “दोरी सोड! दोरी नाही, ती दोरी!” मी काही सुचवलं की ठरलेलं उत्तर: “समुद्रावर कप्तान एकच असतो. तू आराम कर.”

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही एका खाडीत शिरलो. माडांची सावली थेट पाण्यावर, माणूस नाही, काणूस नाही. ह्यांनी सावली पाहून अगदी काठाजवळ नांगर टाकला. खिचडी, चिंचेचा खट्टा, तळलेले पापड असं हैदराबादी जेवण झालं, आणि कप्तान टोपी तोंडावर घेऊन घोरू लागले.

मी मागच्या बाजूला ताटं विसळत होते. एक कोळीण लहानशा होडीतून जवळून चालली होती. तिनं वल्हं थांबवलं. “बाये, हय पाणी रवाचा नाय. सुकती लागली की सगळो चिखल. घोवाक सांग, होडी मधी घेऊक.” 

सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला कळलं. मी मान डोलावली. ती गेली.

ह्यांना उठवायला एक हाक पुरली असती. मी ताटं पुसली, पालथी घातली आणि त्यांच्या शेजारी जाऊन आडवी झाले. आराम कर म्हणाले होतेच.

पाच वाजता कुकर माझ्या पायावर येऊन आदळला तेव्हा जाग आली. बोट कुशीवर निजली होती. सभोवार चिखल, त्यात खेकडे, आणि चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या वेचणाऱ्या चार-पाच बायका कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या. लोणच्याची बरणी फुटून तेल ह्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडलं होतं. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

ह्यांनी तिरक्या फरशीवर रांगत जाऊन फाइल काढली. कागद जागच्या जागी होता. त्यांनी तो वाचला, टोपी काढली, आणि चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून जे एकदाही ऐकलं नव्हतं ते म्हणाले, “चूक माझी. तुझ्या जिवाला काही झालं असतं तर? घर भाड्यानं द्यायचं नको. तू म्हणशील तिथे राहू.”

माझं हसू तिथेच विरलं. सांगायची वेळ तीच होती. मी लोणचं पुसत राहिले.

पाणी परत आलं, बोट उभी राहिली, आम्ही घरी आलो. आता हे रविवारी तलावावर जात नाहीत. टोपी खिळ्याला आहे, मी ठोकलेल्या. कुंडीला पाणी घालायच्या आधी सुद्धा मला विचारतात, “घालू का?” ते ऐकलं की मला स्वतःची चीड येते. मला घर हवं होतं, हा असा विचारणारा माणूस नको होता.

कुणी पाहुणे आले की मात्र ह्यांना कंठ फुटतो. खाडी, चिखल, फाइल, सगळं रंगवून सांगतात, स्वतःची यथेच्छ टिंगल करतात आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणतात, “पण एक सांगतो, एवढं झालं तरी हिनं तोंडातून एक शब्द काढला नाही.” पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात, आणि मी चहा टाकायला आत जाते.