जपून ठेवलेले यंत्र

कामरगावच्या अलीकडे रस्ता रुंद करण्याचे काम सुरू होते. तिथे धूळ मोजण्याचे यंत्र कुठे ठेवायचे, हे ठरवणे माझ्याकडे होते. ठेकेदाराच्या माणसाने ग्रामपंचायतीची गच्ची सुचवली. तिथे वीज होती, कुलूप होते. पण वारा त्या दिशेने वाहतच नव्हता. मी नम्रपणे नकार दिला. धूळ जात होती ती पलीकडच्या भाजीमळ्यात. मळेवालीची मेथी बाजारात कोणी घेईना. व्यापारी जुडी उचलून, झटकून परत ठेवत. मोजणीत धूळ जास्त निघाली, तर ठेकेदाराला दिवसभर टँकरने पाणी मारावे लागणार होते. त्या आशेवर तिने आपले अंगण दिले, वीजही दिली.

निघताना मी तिला म्हणालो, यंत्र महागाचे आहे, जिवापाड जपा. एवढेच म्हणालो.

महिनाभराने आकडे आले ते अगदी निर्मळ. ठेकेदाराच्या माणसाने मला आग्रहाने चहा पाजला. मला उलगडा होईना, म्हणून मी मळ्यात गेलो. अंगणात ओला सडा होता, आणि घरघरणाऱ्या यंत्रावर एक जुने लुगडे नीट पांघरलेले.

"तुमीच म्हनलं होतं ना भाऊ, जपा म्हून," ती म्हणाली. "धूळ उडाली का आमी लुगडं टाकतो. सडा तं दोन्ही टाइम."

खाटेवरचा तिचा सासरा हसला. "आमच्यापेक्षा तुमच्या मशीनलेच चांगली हवा भेटली, साहेब."

टँकर कधी येईल, असे तिने विचारले. लुगड्याने आणि सड्याने धूळ यंत्रापर्यंत पोचलीच नाही, आता टँकर येणार नाही, हे मी सांगितले. तिने लुगडे काढले, घडी घातली आणि आत गेली.

पुन्हा मोजणी व्हावी म्हणून मी वरिष्ठांना विनवले. ते म्हणाले, जागा तर तुम्हीच निवडली होती. मग हरकत कशावर घेता? यंत्र रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर गेले. यंत्राला काय हवे असते हे तिला समजावून सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? तिला ते कळणार नाही, असे मी मनाशी धरून चाललो असेन. याहून चांगले कारण मला अजून सापडलेले नाही.

पावसाळ्यात त्या बाजूला गेलो, तेव्हा मळा मोडून तिने सोयाबीन पेरले होते. तिने मला प्यायला पाणी दिले. मी मेथीबद्दल विचारले.

"कायले लावू भाऊ? सोयाबीनवर धूळ हाय का नाई, हे कोनी पाहत नाई."