घोकलेली स्मरणशक्ती

सौंसरच्या रामाजी गुरुजींना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण पोर दिसलं की त्याला परीक्षेला बसवायचं त्यांचं खूळ काही सुटलं नाही. सून प्रज्ञा बी.ए. झालेली असली, तरी त्यांच्यापुढे तिचं काय चालणार!

नात चंचल नऊ वर्षांची. तिला मिरगीचे झटके यायचे. गोळ्यांनी थांबेनात, म्हणून नागपूरला मेंदूचं ऑपरेशन झालं. झटके थांबले. पण त्याच भागाजवळ स्मरणशक्तीचं काम चालतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ती शाबूत आहे का, हे वर्षभरानं चाचणीत कळणार होतं. प्रज्ञाचा जीव त्या दिवसात अडकलेला.

चाचणी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मी शब्द वाचते, मग तू आठवून सांग." त्यांनी "चमचा" एवढंच म्हटलं आणि चंचल सुटली, "ढग, घोडा, दोरी, शिडी, पेरू..." थेट शेवटपर्यंत.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. प्रज्ञा सासऱ्यांकडे वळली. ऑपरेशनआधीच्या चाचणीला तेच सोबत बसले होते, आणि शब्दही हेच होते. आणि रोज संध्याकाळी नातीला संत्र्याच्या बगीच्यात फिरायला नेत होते ते यासाठी!

"मामाजी, तुम्ही पाठ करून घेतलं?"

"मंग! मागच्या वेळी पोरीले दोनच आले होते. बिनतयारीनं पाठवू? किती पोरं नवोदय शाळेत लावले म्या!"

"हे नवोदय नाही होय! तिच्या डोक्यात काय राहते ते पाहून राहिले इथं. तुमच्या नाही!"

मॅडमनी दुसरे शब्द काढले आणि दोघांनाही बाहेर घालवलं. बाकावर गुरुजी कुरकुरत राहिले, "दुसरे होते तं आधी सांगाले काय झालं होतं?"

निकाल पुढच्या आठवड्यात मिळणार होता. परतीच्या बसमध्ये गुरुजींनी हळूच विचारलं, "बेटा, नवे शब्द कोणते होते वं?"

प्रज्ञानं कपाळावर हात मारला.

"नाही सांगत," चंचल म्हणाली. "तुम्ही पुन्हा पाठ करून घेता."

लोधीखेड्याजवळ गुरुजी पेंगले. मग चंचल आईच्या कानाशी लागली आणि अडखळत एकेक शब्द सांगू लागली. त्यात चमचा नव्हता, ढग नव्हता, घोडाही नव्हता. दोनाच्या पुढे गेल्यावर प्रज्ञानं मोजणं सोडलं.