कमळातली स्प्रिंग

पडदा वर जातो. सोलापूर, सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, डिसेंबरातली सकाळ. उजवीकडे आमच्या नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाची भिंत, तिच्यावर उन्हात टाकलेले राजाचे जरीचे कपडे. मधोमध हत्तीएवढी काळी मोटार. आणि मोटारीखालून बाहेर आलेले दोन पाय. मंडळी, आजचं मुख्य पात्र हेच. उरलेला माणूस यथावकाश बाहेर येईल.

त्या पायांच्या धन्याचं नाव सिद्धाप्पा. गाव वळसंग. आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, मेस्त्री आणि ट्रिकसीनचा कारागीर, तिन्ही एकच. घरात कानडी, कंपनीत मराठी, आणि मोटारीशी बोलताना जी जिभेवर येईल ती. मी त्या वेळी कंपनीची नायिका होते. मला तो मीनाक्का म्हणायचा. मोटारीला आम्ही सगळे गजलक्ष्मी म्हणायचो. ती अमेरिकेहून कुणा संस्थानिकाकडे आली होती, तिथून तीन घरं फिरून आमच्याकडे. आठ माणसं आत, चार ट्रंका मागं, आणि टपावर माझं कमळ.

कमळाचं आधी सांगते. आमच्या नाटकात पहिल्याच प्रवेशात कमळ उमलून त्यातून मी, म्हणजे देवी, प्रकट व्हायची. लोखंडी सांगाडा, गुलाबी साटिनच्या पाकळ्या. आत मी पाय दुमडून बसायची आणि नांदी संपली की तळहातानं एक दांडी दाबायची. दांडीखाली स्प्रिंग होती. ती दबली की खिळा सुटायचा आणि पाकळ्या एकदम उघडायच्या. सिद्धाप्पानं चौसष्ट साली हे कमळ केलं. पहिल्या प्रयोगाला स्प्रिंग ढिली पडली. नाचणाऱ्यांच्या पायांनी फळ्या हादरल्या आणि कमळ आपोआप उघडलं. देवी नाक खाजवताना प्रकट झाली. दुसऱ्या प्रयोगाला त्यानं कडक स्प्रिंग घातली. नांदी संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली, आणि मी आतून ओरडत होते, "अरे, मला कुणी बाहेर काढा!" तिसऱ्या वेळी त्यानं कुठूनशी एक जुनी स्प्रिंग आणली. त्यानंतर चौदा वर्षं कमळ एकदाही चुकलं नाही.

तेव्हा तो मला म्हणाला होता, "मीनाक्का, झाकून ठिवायला काय, दगूड ठिवला तरी भागतंय. उगडायचं कवा, त्येच्यासाटी स्प्रिंग."

तर मोटारीखालच्या पायांकडे येऊ.

आमचे मालक महिपतराव यांनी आदल्या महिन्यात फर्मान काढलं होतं. अकलूजला दर साली आमचा प्रयोग व्हायचा. मागच्या साली गजलक्ष्मी चढ लागला की धापा टाकायची, आणि आम्ही दोन तास उशिरा पोचलो. प्रेक्षकांनी उसाच्या कांड्यांनी खुर्च्यांवर ताल धरला होता. यंदा दुपारी सोलापुरात एक प्रयोग आणि त्याच दिवशी साडेआठला अकलूजला दुसरा.

"सिद्धाप्पा," मालक म्हणाले, "साडेआठला पडदा वर गेला पाहिजे. नाही गेला तर ही म्हातारी भंगारात. पुढच्या दौऱ्यापासून मंडळी सामानाच्या ट्रकात बसतील."

ट्रकला ट्रकचा ड्रायव्हर होता. म्हणजे मोटार गेली की सिद्धाप्पा गेला. त्याची बायको नागम्मा मला म्हणाली, "अक्का, ह्यांला शेतात पाठवलं तर बैलाचं बी इंजिन उघडून बघत्याल."

सिद्धाप्पा चार दिवस गायब झाला आणि आला तो पोत्यात एक जड गोगलगाय घेऊन. निदान मला ती गोगलगाय वाटली. धरणाच्या कामावरची जुनी यंत्रं लिलावात निघाली होती, त्यातल्या एका जनित्राचा तो टर्बो होता. मला समजावं म्हणून त्यानं सोपं करून सांगितलं. इंजिनाचा धूर एरवी फुकट जातो. ह्यात त्या धुरावर एक फिरकी फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा फुंकते. लोहाराचा भाता निखारा फुलवतो, तसं.

"म्हातारीला भाता लावतोय म्हना की," तो म्हणाला.

मोटारीखालचे ते दोन पाय ह्याच दिवसांतले. पंधरा दिवसांत भाता लागला. मोटार अशी पळाली की आमचा विनोदी नट हरिदास मागच्या सीटवर जो आडवा झाला तो सात रस्ता चौकापर्यंत उठलाच नाही. पण एक घोटाळा होता. ड्रायव्हरनं पाय काढला की इंजिनाचं तोंड मिटतं, फिरकी मात्र तशीच हवा फुंकत राहते. मग कोंडलेली हवा उलट फिरून फिरकीच्याच पात्यांवर आदळायची. खर्रर्र असा आवाज यायचा आणि सिद्धाप्पाचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. त्यावर त्यानं हवेच्या नळीला रुपयाएवढं भोक पाडलं, वर पितळी झाकण बसवलं, आणि झाकणावर स्प्रिंग. दाब वाढला की झाकण उचलायचं, हवा बाहेर, झाकण परत खाली. कल्पना नामी होती. अडलं ते स्प्रिंगवर.

शेजारच्या किराणा दुकानातून त्यानं वजनं मागून आणली. पितळी पेल्यात स्प्रिंग उभी करायची आणि वर वजन ठेवून ती किती दबते ते बघायचं. यंत्रमागावरची स्प्रिंग एका किलोलाच बसली. ट्रकच्या क्लचची दहा किलोलाही हलली नाही.

"चार-पाच किलोला झुकंल आशी पायजे," तो पुटपुटायचा. बाजार पालथा घातला, मिळाली नाही. शेवटी त्यानं मागाची ढिली बसवली आणि आम्हाला चक्कर मारून आणली.

आणि इथं हरिदासनं घात केला. ढिल्या स्प्रिंगमुळे झाकण सारखंच उघडायचं. फुस्स. वळणावर फुस्स, चौकात फुस्स, पोलिसानं हात केला की फुस्स. त्यात हवा सगळी वाया, म्हणजे जोरही नाही. त्या संध्याकाळी हरिदासनं प्रयोगात बसता-उठता फुस्स करून दाखवलं आणि म्हणाला, "काय करू महाराज, काल जरा वांगी जास्त झाली." थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. विंगेत सिद्धाप्पा उभा होता. तो एकटाच हसला नाही.

"सिद्धाप्पा, गंमत केली हो," हरिदास म्हणाला.

"व्हय की. लई झ्याक झाली," सिद्धाप्पा म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मागाची स्प्रिंग काढून क्लचची बसवली. चौदा वर्षांपूर्वी देवीला कोंडून ठेवलं होतं, ते तो रागात पार विसरला. आता मोटारीनं ब्र काढला नसता. पण अकलूजचा प्रयोग त्याच दिवशी होता.

सव्वाचारला आम्ही निघालो. मालक पुढे घड्याळ हातात धरून. मोहोळपर्यंत विमान. प्रत्येक वेळी पाय काढला की आत खर्रर्र व्हायचं, सिद्धाप्पा दात आवळायचा आणि गाणं म्हणायला लागायचा, म्हणजे आम्हाला ऐकू येऊ नये. शेटफळच्या अलीकडे समोर उसाची बैलगाडी आडवी आली. त्यानं पाय काढला. धाडकन आवाज झाला, बॉनेट उडाल्यासारखं वाटलं आणि रबरी नळी निखळून थेट ज्वारीत जाऊन पडली.

"हरिदास, उतरा," मालक म्हणाले. "तुमचं वांगं शोधून आणा."

हरिदास धोतर खोचून ज्वारीत शिरला. सिद्धाप्पा इंजिनाकडे बघत उभा. नळीशिवाय गाडी चालली असती, पण जुन्या चालीनं. म्हणजे साडेनऊ. नळी परत लावली तर पुढच्या बैलगाडीला ती पुन्हा उडणार.

"मालक," तो खाली मान घालून म्हणाला, "चूक माजीच हाय. ह्ये हसले म्हनून मी झाकनाचं त्वांडच बांधलं."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी.

मी टपावरच्या कमळाचे दोर सैल झाले का ते बघत होते. सिद्धाप्पाची नजर माझ्या हाताबरोबर वर गेली आणि तिथंच राहिली.

"मीनाक्का," तो म्हणाला, "कमळ उगडताना हाताला जोर किती लागतो?"

"म्हणजे?"

"म्हंजी किती? कशायेवडा?"

मी डोळे मिटून तळहात पुढे केला. रोजची सवय. "तीन महिन्यांचं पोर उचलावं, तेवढा."

"तीन म्हैन्याचं पोर," तो हळूच म्हणाला. मग एकदम ओरडला, "पाच किलो! पाच किलोच्या आतबाहेर! हरिदास, या की लवकर, सोडा ते वांगं!"

कमळ खाली उतरलं. रस्त्याकडेला गुलाबी पाकळ्या पसरून त्यानं आतली स्प्रिंग काढली. थोडी लांब होती, म्हणून झाकणाखालचा एक वॉशर कमी केला. हरिदासनं नळी आणली, तिच्यात ज्वारीचं कणीस अडकलं होतं. नळी बसवली. इंजिन सुरू केलं. सिद्धाप्पानं पाय दाबला, पेडल तळाला नेलं, आवाज चढत गेला, झाकण गप्प. पाय काढला. फुस्स! एकच, ठसठशीत, आणि झाकण परत जागेवर. खर्रर्र नाही.

सगळे हरिदासकडे बघायला लागले. हरिदासनं हात जोडले आणि म्हणाला, "आम्ही काहीच ऐकलं नाही."

"ऐका की," सिद्धाप्पा म्हणाला. "आता ऐकन्याजोगं हाय."

पुढचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. टेंभुर्णीत चहासुद्धा घेतला नाही. वळण आलं की फुस्स, गाव आलं की फुस्स, आणि प्रत्येक फुस्सला आठही जण मिळून "वाहवा!" अकलूजला पोचलो तेव्हा आठ वाजून सात मिनिटं झाली होती.

पण मंडळी, कमळ?

मी मागच्या सीटवरच निम्मी रंगले होते. पहिली घंटा झाली तेव्हा सिद्धाप्पाचं डोकं बॉनेटखाली होतं. स्प्रिंग तापलेली, तो माझ्या टॉवेलात गुंडाळून ती फुंकत पळत आला. दुसऱ्या घंटेला मी कमळात बसले आणि तो माझ्या पायाशी पालथा पडून खिळा बसवत होता. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली, तो सरपटत विंगेत गेला. पडदा वर गेला. मी विंगेतल्या मालकांकडे पाकळीच्या फटीतून पाहिलं. त्यांनी घड्याळ माझ्याकडे धरलं होतं. साडेआठ.

नांदी संपली. मी तळहात टेकला. स्प्रिंग अजून कोमट होती. दाबली, खिळा सुटला, कमळ उमललं आणि त्याबरोबर सबंध रंगमंचावर पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा दरवळ सुटला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी नाकं वर केली. हरिदास, जो त्या वेळी देवीचा भक्त होता, त्यानं हात जोडले आणि पदरचं वाक्य टाकलं, "माते, स्वर्गातून थेट पंपावर थांबून आलीस वाटतं!"

एवढा हशा त्या नाटकाला आधी कधी मिळाला नव्हता. विंगेत सिद्धाप्पा पोट धरून खाली बसला होता. मालक त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि हसून हसून स्वतःच रडत होते. भंगाराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पुढे चार वर्षं हाच आमचा रिवाज झाला. प्रवासात स्प्रिंग गाडीत, प्रयोगात कमळात. सिद्धाप्पानं तिची जोडी करायचा प्रयत्न केला, तार आणून अकरा स्प्रिंगा वळल्या. एकही त्याच्या मनाला आली नाही. मला वाटतं, त्याला ती धावपळच आवडायची. पहिल्या घंटेला बॉनेट, तिसऱ्या घंटेला कमळ. तो आमच्यासारखाच नट होता, फक्त त्याचा प्रवेश पडद्याआड व्हायचा.

ब्याऐंशी साली कंपनी बंद झाली. मालकांनी गजलक्ष्मी सिद्धाप्पाला देऊन टाकली. तो ती स्वतः चालवत वळसंगला घेऊन गेला. गावकरी सांगतात, वेशीत शिरताना त्यानं मुद्दाम तीनदा फुस्स केलं.

मी त्याला शेवटची भेटले त्यालाही आता खूप वर्षं झाली. गुडघे गेले होते त्याचे. मोटार कडुलिंबाखाली उभी होती, चाकं जमिनीत रुतलेली, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. नागम्मानं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली. निघायची वेळ झाली तेव्हा सिद्धाप्पानं देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून ती स्प्रिंग काढली, धोतरानं पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती ओट्यावर उभी केली, तळहात टेकला, दाबली. ती निम्मीच गेली. दोन्ही हात लावले तेव्हा कुठं बसली.

"सिद्धाप्पा," मी म्हणाले, "ही कडक झाली का हो? तेव्हा तर तीन महिन्यांच्या पोराएवढीच होती."

त्यानं स्वतः दाबून पाहिली. त्यालाही जमेना. मग तोंडात दात नव्हते तरी सगळे दात दिसावेत असा तो हसला.

"तीन म्हैन्याचं पोर किती वर्सं तीनच म्हैन्याचं ऱ्हाईल, अक्का?"